मिलिंदनं मागितलेली हळू मोटर

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होतो. समोर माणसं उभी होती, मशीनमधून पासबुक निघत होतं आणि कलबुर्गीहून त्याचा भाचा सांगत होता, "काका, मामा गेले." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं, आणि त्याच्या मागोमाग छातीत जे आलं ते दुःख नव्हतं, सुटका होती. आता मला कुणी विचारणार नाही... रडू त्यानंतर आलं, नौबादला घरी पोचल्यावर, मोरीत नळ सोडून. पण पहिली ती सुटका होती, आणि मला आधी तीच सांगायची आहे. कारण या लेखात मी मिलिंदबद्दल जे चांगलं लिहीन ते सगळं खरं असलं, तरी ते लिहिणारा माणूस कोण आहे हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

मिलिंद हुमनाबादला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. मूळचा हळ्ळीखेडचा. आम्ही बीदरला कॉलेजात एका बाकावर बसलो तेव्हापासूनची दोस्ती. तो मला विन्या म्हणायचा, आणि त्याची बायको सुजाता वहिनी मला भाऊजी म्हणतात, अजूनही. पस्तिशी ओलांडल्यावर आम्हा दोघांना एक पोरकट नाद लागला, रिमोटच्या गाड्यांचा. खेळण्याच्या दुकानात मिळतात त्या नव्हेत. सुटे भाग मागवून, मोटर वेगळी, तिला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर वेगळा, बॅटरी वेगळी, असं हातानं जुळवायच्या गाड्या. हायवेच्या अलीकडे एक लेआउट पडलं होतं. रस्ते झालेले, घरं नाहीत, प्लॉटांवर नुसते दगड रोवलेले. रविवारी सकाळी आम्ही तिथं. ढाब्यावर थांबलेले लॉरीवाले कठड्यावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर, लायसन हाय का?" मिलिंद म्हणायचा, "गाडीला हाय, मला न्हाई."

आमची भांडणं मोटरीवरून व्हायची. मला वेग पाहिजे. एका व्होल्टला सगळ्यात जास्त फेरे देणारी मोटर कुठली, हे मी रात्र रात्र शोधायचो. मिलिंद उलट्या बाजूनं यायचा. "आधी रस्ता बघ, मग गाडीचं वजन बघ, मग मोटर. तू आधी मोटर बघायलास. नवरदेवाच्या आधी घोडं ठरवायलास की." एकदा मी तापट, म्हणजे भरमसाट वेगाची मोटर घेतली आणि तिला किरकोळ कंट्रोलर लावला. दुसऱ्याच फेरीला गाडीच्या पोटातून धूर. मिलिंद पळत गेला, बॅटरीची वायर उपसली आणि मला काही न बोलता लॉरीवाल्यांना म्हणाला, "बघा, ह्येला म्हणत्यात ऐपत नसताना लग्न." मोटर मागेल त्याहून जास्त द्यायची ताकद कंट्रोलरमध्ये पाहिजे, हा धडा मी त्या हसण्यात शिकलो. त्याच्या शिकवण्यात अपमान नसायचा... वर्गातही नसायचा म्हणतात.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, हळूहळू थोडी परत आली. पाय ओढत चालता यायचं, डाव्या हाताची बोटं मिटायची पण सांगितल्यावर लवकर उघडायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मिलिंद चालेना. गल्लीत निघाला की लोक दारात येऊन बघायचे, "सर, आता कसं हाय?" म्हणायचे, आणि तो दुसऱ्या दिवशी दार लावून घ्यायचा. वहिनी थकून गेल्या. एका संध्याकाळी मी गेलो तर तो खुशीत होता. म्हणाला, "विन्या, मला एक गाडी करून दे. माणसाच्या चालीनं चालंल अशी. म्या तिच्या मागं मागं चालतो. लोक गाडीकडं बघतील, माझ्याकडं कोण बघतंय मग?"

त्यानं काय हवं ते नेमकं सांगितलं होतं. आत तारेचे जास्त वेढे असलेली, जुन्या पद्धतीची ब्रशवाली, हळू पण दमदार मोटर. दगडांवर चढणाऱ्या गाड्यांना लावतात ती. आणि तिच्या जोडीचा कंट्रोलर, बोट सैल पडलं की गाडी जागच्या जागी धरून ठेवणारा. मी "मागवतो" म्हणालो.

मागवली नाही. का, ते मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. कामाचा व्याप वगैरे खोटं आहे. मला त्या गाडीची लाज वाटली. लेआउटवर पाखरासारखी गाडी पळवणारा माझा मित्र गोगलगायीमागे चालणार, हे मला बघवणार नव्हतं. आपण हळू मोटर लावली म्हणजे तो आता असाच राहणार हे कबूल केलं, असं काहीतरी मनात होतं. म्हणून मी माझीच जुनी ब्रशलेस, वेगासाठी घेतलेली मोटर एका गाडीत बसवली आणि रिमोटवरचा वेग कमी करायचा नॉब निम्म्याच्या खाली फिरवला. घरातल्या शहाबादी फरशीवर चालवून पाहिली, अगदी शहाण्यासारखी चालली. या नादातल्या माणसाला हे कळायला हवं होतं, की सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरीला उभं असताना आपण कुठं आहोत हेच कळत नसतं. ती अंधारात चाचपडल्यासारखी आधी थरथरते, मग एकदम उसळते. गुळगुळीत फरशीवर ते लपलं. त्यांच्या गल्लीत खडीमिश्रित मुरूम आहे.

गाडी त्यांच्या दारासमोर ठेवली तेव्हा मिलिंदनं विचारलं, "सांगितलेलीच बसवलीस न्हवं?"

"व्हय, तीच," मी म्हणालो.

वहिनींनी त्याचा दंड धरला होता. त्यानं रिमोट डाव्या हातात घेतला; असल्या रिमोटचा वेगाचा घोडा डाव्याच बोटाखाली येतो. मी मोबाईल काढून शूटिंगला उभा. तेवढ्यात आतून दूध उतू जायचा वास आला. वहिनी घुटमळल्या. मिलिंदच म्हणाला, "जा की, म्या काय लहान हाय का? हुभा ऱ्हातो." त्या आत गेल्या. त्याला धीर निघाला नाही. त्यानं घोडा दाबला. गाडी जागेवरच कुरकुरत थरथरली. तो आवाज आम्हा दोघांच्या चांगला ओळखीचा. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "विन्या, ही तर..." पण बोट आणखी मिटत गेलं होतं, आणि ते उघडेना. गाडी उसळली, तिला गाठायला त्याचं सगळं अंग पुढे गेलं, डावा पाय मागेच राहिला.

खुबा मोडला. माणसं जमली, काय झालं विचारू लागली, आणि मी म्हणालो, "बोट जोरात दाबलं गेलं सरांचं." मुरुमात पडल्या पडल्या मिलिंदनं ते ऐकलं. म्हणाला, "व्हय. माझंच चुकलं."

कलबुर्गीला ऑपरेशन झालं, पण अंथरुणावर पडून छातीत कफ साचला आणि तो परत उठलाच नाही. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. त्यानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलं, "मोटर कुठली व्हती रे?" मी म्हणालो, "तू सांगितलेलीच." त्यानं मास्क परत तोंडाकडे नेला. मग म्हणाला, "बरं." रागावला असता तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तेही खरं नसावं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मी भाषण केलं. त्याच्या शिकवण्याबद्दल, त्याच्या विनोदाबद्दल. लोकांनी डोळे पुसले, कौतुक केलं. खाली बसलो तेव्हा मागच्या रांगेत त्याची थोरली बहीण, उदगीरच्या शांताअक्का, भरल्या मांडवात वहिनींना म्हणत होत्या, "धरून उभारायचं सोडून दूध बघायला गेलीस. तुझ्या दुधानं खाल्लं माझ्या भावाला." वहिनींनी पांढऱ्या पदराचा बोळा तोंडात धरला. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो पाण्याची बाटली घेऊन उठलो आणि लोकांना पाणी देत हिंडलो...

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डोळं मिटलं की पातेलं दिसायलंय. एवढं पावशेर दूध, जाऊ दिलं असतं तर काय व्हतंय? कामून हात काढले मी?" तेव्हा माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. त्या ऐकत राहिल्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "दावा."

गाडी स्कूटरच्या डिकीतच होती, तेव्हापासून. गल्लीत ठेवली. वहिनींनी रिमोट घेतला, बोटानं हळूच दाबलं. गाडी थरथरली, हलली नाही. आणखी दाबलं. ती उसळून समोरच्या ओट्यावर आपटली. त्यांनी मला ती परत आणून ठेवायला लावली. पुन्हा तेच. आणखी एकदा तेच. मग रिमोट माझ्या हातात देऊन त्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे मी धरलं असतं तरी..."

"तुम्हालाही घेऊन पडला असता," मी म्हणालो. "वहिनी, मला—"

"माफ करा म्हणू नका. मला आत्ता ते जमणार न्हाई. पुढचं पुढं." मग म्हणाल्या, "अक्का माझा फोन उचलत न्हाईत. पण रविवारची पुरवणी पयल्या पानापासून वाचत्यात. तुमी भाषण लई चांगलं केलं म्हणं. मग आता लिवा की."

म्हणून हे लिहिलं. अक्का, वहिनींनी मिलिंदला सोडलं नव्हतं. त्यानंच त्यांना आत पाठवलं, आणि पाडलं ते मी बसवलेल्या मोटरीनं. त्याची वेताची खुर्ची पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. संध्याकाळी वहिनी तिच्या पायाशी खाली बसलेल्या असतात, आणि फोन, तुमचा आला तर म्हणून, खुर्चीवर ठेवलेला असतो.