दिवाळीचं कलम

मेहकरच्या रजिस्ट्री कचेरीत सहा वर्षं कारकुनी केली की माणसाकडे दुसरं काही जमो न जमो, किस्से मात्र भरपूर जमतात. अडचण एवढीच, की ते ऐकायला घरी कोणीतरी लागतं. नवरा गेल्यावर मी भाड्याच्या एका खोलीत राहायचे. म्हणून तुम्हाला सांगते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मुलींनाही बापाच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदाही तसा नवाच. आमच्याकडे त्या कायद्याने एकच काम वाढलं, हक्कसोड! बहिणींना वाटा मिळाला, तो भावांसाठी सोडायला त्या आमच्याकडे यायच्या.

कचेरीत बाई मी एकटीच. हजेरीपटावर सगळ्यांच्या नावांआधी 'श्री.' छापलेलं. हेडक्लार्क वानखडेबाबूंनी माझ्या ओळीत टिंब खोडून बारीक अक्षरात 'मती' जोडलं आणि म्हणाले, "घ्या ताई, समानता झाली."

शिपाई तुकाराम दारातूनच दस्त ओळखायचा. भाऊ बहिणीला लुगडं नेसवून आणायचा आणि तिच्या वाट्याचं शेत-वावर लिहून घ्यायचा. त्यामुळे बाईच्या अंगावर कोरं लुगडं दिसलं की तुकाराम आत वर्दी द्यायचा, "बाबू, हक्कसोड आली!" एकदा अशीच वर्दी दिली, तर ती साहेबांची नवी बायको निघाली. आठवडाभर तुकाराम साहेबांच्या समोर गेला नाही.

एक म्हातारा वावर लेकरांच्या नावे करायला आला होता. लेकरं किती, विचारलं तर दोन म्हणाला. त्याच्या मागे चार बाया बसल्या होत्या. मग ह्या कोण?

"ह्या पोरी हायेत. तुमी लेकरं इचारले ना?"

हक्कसोडीचा दस्त वाचून दाखवायचा आणि राजीखुशीनं सोडता का, हे विचारायचं काम माझ्याकडे होतं. बायका भावाकडे बघून हो म्हणायच्या. सरजाबाई नावाची एक म्हातारी मात्र अडून बसली.

"सोडतो ना माय. पण त्यात लिवा, भाऊ मले दर दिवाळीले न्याले येईन."

असं कलम कायद्यात नाही, असं वानखडेबाबूंनी तिला समजावलं.

"मंग कायदा कोनासाठी केला बाप्पा?"

सगळी कचेरी हसली. सर्वांत जास्त मीच हसले. सरजाबाईने मुकाट्यानं अंगठा दिला.

माझे वडील जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा माझा धाकटा भाऊ रामदास कचेरीत आला. त्या तीन दिवाळ्यांत तो मला न्यायला आला नव्हता. आता काखेत कोरं लुगडं होतं आणि हातात दस्त. मला वावर नको होतं. पण दिवाळीत कचेरी बंद, शेजारणी माहेरी, आणि मी त्या खोलीत स्वतःशीच बोलायचे. सही केली नाही तर रामदास पुन्हा येणार नव्हता. केली तर त्याला यायचं कारणच उरणार नव्हतं.

तुकारामने वर्दी दिली नाही. दस्त वानखडेबाबूंनी वाचला आणि राजीखुशीनं सोडता का, म्हणून मला विचारलं.

"सोडतो," मी म्हणाले. "पण त्यात दिवाळीचं लिवा."

कोणी हसलं नाही. रामदास खिडकीबाहेर बघत राहिला. वानखडेबाबूंनी चष्मा पुसला, टाक दौतीत बुडवला आणि हळूच विचारलं,

"किती दिवस लिहू, ताई?"