घरघरीला दाद

आता हसायचं न्हाई, आधीच सांगतो. चहा सांडंल! माझी अशी फजिती झाली, की त्या शाळेवरून जाताना मी अजून गाडी जोरात काढतो.

नवीन जालन्यात माझं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान, हे तुम्हाला ठाऊकच. स्पीकरमधून जरा खरखर आली, की माझा जीव खालीवर होतो. मी घोड्यावरचा नवरदेव थांबवून वायरी तपासल्यात, बोला!

अशात पुण्याहून माझी भाची तेजू आली. ती आवाजांची कलाकार. गाणं न्हाई, बाजा न्हाई, नुसते आवाज! बियाणं चाळायच्या मशिनचा आवाज तिनं भरून आणला आणि शाळेच्या हॉलमधी त्याचा कार्यक्रम ठेवला. स्पीकर अर्थातच मामाचे.

दुपारी तालीम सुरू झाली. घर्रर्र… खट्! मी पळत जाऊन प्लगच उपसला.

"मामा! अहो, तेच माझं संगीत आहे!"

"ही खरखर?"

"आवाज नको असला की आपण त्याला गोंगाट म्हणतो. पण नको कोण म्हणतंय? तुमचा कान, की तुमची सवय?"

मी प्लग परत लावला. वरून तिनं तंबी दिली, "संध्याकाळी काहीही ऐकू आलं तरी प्लगला हात लावायचा नाही."

संध्याकाळी हॉल भरला. मी मागं मिक्सरपाशी. शेजारी रौफभाई, माझ्या दुकानाला लागून त्यांचं टेलरिंगचं दुकान. तेजू स्टेजवर आली, वायरी जोडायला वाकली, अन् घर्रर्र सुरू झालं!

माझे हात शिवशिवायला लागले. बोटं आपोआप प्लगकडं निघाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो!

"शेठ, काहीतरी बिघडून राह्यलं," रौफभाई म्हणाले.

"रौफभाई, हा तुमचा कान न्हाई, सवय बोलून राह्यली!"

तिकडं तेजू या वायरीवरून त्या वायरीवर झेपावू लागली. काय ते भान हरपणं! मंग माझ्याकडं बघून तिनं दोन्ही हात जोरजोरात हलवले. आवाज वाढवा म्हणती! मी जल्दी वाढवला. खिडक्या थरथरल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा कान झाकून बाहेर पळाले.

"शेठ, जळाल्याचा वास येऊन राह्यला!"

बघतो तर स्टेजवर धूर. लग्नात नवरीच्या एंट्रीला सोडतो ना, तसाच! पोरीनं धुराचीपण सोय केली म्हणजे बघा.

"मामाऽऽ! बंद करा!"

अहो, भरून आलं मला! एवढ्या लोकांत कार्यक्रमात माझ्या नावाची हाक! मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो. स्पीकरवालाच टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर सगळा हॉल सुरू झाला.

शेवटी रौफभाईंनी मला ढकलून प्लग ओढला. सगळं गप्प.

मी डोळे पुसत स्टेजवर गेलो. "बेटा, जिंकलंस! आज मला गोंगाटातलं संगीत कळलं."

तेजूनं कपाळाला हात लावला.

"मामा, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर जळत होता. माझा कार्यक्रम अजून सुरूच झाला नव्हता!"