सरूबाईची मूठ

पेरणीयंत्र गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्यापूर्वी त्याचे चाक हाताने फिरवून पोत्यावर दाणे पाडून दाखवायचे, ही आमच्या कारखान्याची रीत. काल यंत्र न्यायला आलेल्या आपल्या मुलाबरोबर आलेली सरूबाई पायरीवर बसून ते पाहत होती. मांडीवरची तिची रिकामी मूठ दर दाण्याला किंचित सैल होत होती.

बैलांच्या तिफणीमागे चालत तिच्यावरच्या चाड्याच्या वाटीत मुठीने बी सोडणारी तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. पेरणीला तिला मानाने बोलावणे येई. पहिले यंत्र घडवताना मी तिच्याकडून एक ओळ पेरून घेतली, उगवलेल्या रोपांमधले अंतर टेपने मोजले आणि त्या मापाने यंत्राच्या बी सोडणाऱ्या तबकडीला भोके पाडली. तेव्हा ती हसली होती. "दादा, मूठ मोजून काय सोन्याची करता व्हय?"

यंत्रे खपली. तिची बोलावणी थांबली. एका हाताचे कसब सर्वांना वाटणे म्हणजे सुधारणा, असे मी सभांतून सांगत आलो. ते कोणाच्या हातातून काढून घेतले, हे कधी सांगितले नाही.

चाक थांबले. तिने विचारले, "माझ्यावानी पेरतंय का, दादा?"

"तंतोतंत," मी म्हणालो.

"मग मला कशाला कोण बोलवंल!" असे म्हणून ती उठली आणि पोत्याबाहेर सांडलेले दाणे वेचू लागली.