कडेचे आकडे

आमच्या दादाला कुणी फोटोग्राफर म्हटलं की त्याची कळी खुलायची आणि कुणी फोटोवाला म्हटलं की तो दिवसभर धुसफुसायचा. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे मी फोटोवालाच म्हणायचे. स्टुडिओ मुळात आमच्या वडिलांचा. त्यांच्यामागे दादाने चालवला, आणि माझा नवरा गेल्यावर मी माघारी आले तेव्हापासून पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक मी बघते. गिऱ्हाईक म्हणजे ओळखपत्राचे फोटो. स्टूल, पांढरा पडदा, "हनुवटी जरा खाली घ्या", झालं. तिथला डिजिटल कॅमेरा मीच वापरते. दादाने त्याला कधी बोट लावलं नाही.

मागची खोली मात्र त्याची. एकाने वळायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं, एवढीच ती. खिडकीच्या काचांना काळा रंग, दाराच्या फटीत कोंबलेल्या चिंध्या, एक सिंक आणि वर फळीवर तपकिरी बाटल्या. रोलवर फोटो काढणारं गिऱ्हाईक केव्हाच संपलं होतं, पण दादाने ती खोली मोडू दिली नाही. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली आठ-दहा पोरं गोळा करायचा, वडिलांच्या वेळचे कॅमेरे पुसून त्यांच्या गळ्यात अडकवायचा आणि रोलवरची फोटोग्राफी शिकवायचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. मी तसं तोंडावर म्हणायचे. तो म्हणायचा, "चिमे, तू फक्त हनुवट्या बघ." मी साठीला टेकले तरी त्याच्यासाठी चिमीच.

पोरांना तो स्वतःच नावं द्यायचा. एक धांदरट मुलगा होता, त्याचं नाव घाई. एकीला प्रत्येक गोष्ट उन्हात नेऊन काढायची हौस, फोटो पांढरेफटक, म्हणजे ओव्हरएक्स्पोज, म्हणून ती ओव्हर. पोरं त्याला आजोबा म्हणायची आणि मला आत्याआजी.

त्याचा एक हट्ट होता. सुट्टीभर फोटो काढायचे, पण रोल धुवायचे सगळ्यांचे एकदम, शेवटच्या दिवशी. "मोबाइलवर काढता आणि लगेच नाक खुपसून बघता," तो म्हणायचा. "जरा वाट बघायला शिका. मेलात का वाट बघून?" पोरं कुरकुरायची, पण शेवटच्या दिवशी त्या खोलीबाहेर अशी गर्दी करायची की मला पुढचं गिऱ्हाईक बाहेर उभं करावं लागायचं.

धुण्याचं काम तो सगळ्यांसमोर करायचा आणि समजावून सांगायचा. आधी डेव्हलपर, त्याने चित्र उमटतं. मग हायपो, त्याने ते पक्कं होतं. उलटं केलं, हायपो आधी पडला, तर फिल्मवरचं सगळं पुसलं जातं, कायमचं. "आधी कळस मग पाया केलात, तर घर नाही आणि देऊळही नाही." मग तो कडेचे आकडे दाखवायचा. रोलच्या कडेला कारखान्यातच बारीक आकडे टाकलेले असतात, आणि तेही फोटोसारखे धुतल्यावरच दिसतात. फिल्म कोरी निघाली आणि कडेला आकडे असले, तर धुणाऱ्याने काम नीट केलंय, गोंधळ कॅमेऱ्यात झाला. आकडेही नसले, तर चूक धुणाऱ्याची. पोरांना हे फार आवडायचं. चोर पकडायचा खेळच तो.

आता जे मला सांगायचं आहे ते. दादाची नजर जात होती. बाजूचं दिसायचं, पण नेमकं समोरचं पुसट. चहा कपाच्या शेजारी ओतायला लागला तेव्हा मीच त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी येताना दादाने मला बजावलं, "कुणाला बोलायचं नाही. पोरांच्या आयांना कळलं तर उद्या एक पोर यायचं नाही." त्याचं लग्न, मुलंबाळं काही झालं नाही. वर्षभर तो त्या सुट्टीच्या आशेवर जगायचा, हे मला माहीत होतं, म्हणून मी तोंड मिटलं.

अंधाराचं काम त्याला अवघड नव्हतंच. मिट्ट काळोखात रोल चक्रीवर चढवायचा असतो, तिथे सगळेच आंधळे, आणि त्यात दादाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पंचाईत होती बाटल्यांची. दोन्ही सारख्या, लेबलं कधीच धुऊन गेलेली, आणि खोलीभर हायपोचा आंबट वास भरलेला, त्यामुळे नाकाचाही उपयोग नाही. त्याने डेव्हलपरच्या बाटलीच्या मानेला रबरबँड गुंडाळला होता. मी म्हटलं, मोठ्या अक्षरांत रंगवून देते. तर म्हणाला, "दुकानाची पाटी लावतेस का? पोरं हसतील." काय म्हणावं या माणसाला.

त्या वर्षी पोरांत एक पंधरा वर्षांची मुलगी होती. उंच, जरा पोक काढून चालणारी. तोंड उघडलं न उघडलं तोच मिटायची, म्हणून दादाने तिचं नाव शटर ठेवलं. तिचे वडील रंगारी, लोकांच्या भिंती रंगवायचे. काही महिन्यांपासून आजारी, घरीच पडून. आई दवाखान्यात आया, दिवसपाळीला.

एका दुपारी ती काउंटरशी आली आणि आपणहून बोलली. वडिलांना मोबाइलवर फोटो काढलेला चालत नव्हता. भेटायला येणारे नातेवाईक फोटो काढायचे आणि लगेच त्यांच्यासमोर धरायचे, बघा, चेहऱ्यावर तेज आलंय. ते पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. आरशालाही त्यांनी कपडा टाकायला लावला होता.

"मी सांगितलं, यात लगेच दिसत नाही," ती म्हणाली. "आजोबा सुट्टी संपल्यावर धुतात. तर बाबा म्हणाले, मला बघावं लागणार नाही ना? मग काढ."

आई कामाला गेल्यावर त्यांनी कंगवा मागून घेतला, धुतलेला सदरा घातला आणि खिडकीशी बसले. पोरीने सगळा रोल त्यांच्यावरच संपवला. बाकीची पोरं मांजरं आणि सायकली काढत होती.

ती गेल्यावर मी दादाला म्हटलं, हिचा रोल आजच धू. त्याने हातातला कॅमेरा पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तिला काय सांगू? बाकीच्यांचे नंतर, तुझा आधी, का? ती काही वेडी नाही, चिमे. लगेच समजेल." मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सुट्टी संपायच्या आधीच रंगारी गेला.

शेवटच्या दिवशी पोरगी येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. म्हणाली, आईने विचारलंय, फोटो आज मिळतील का. त्यांच्याकडे गाडीच्या लायसन्सवरचा जुना फोटो होता, आणि मग एकदम नातेवाइकांच्या मोबाइलमधलं, पांघरुणाबाहेर आलेलं कपाळ. मधलं काहीच नव्हतं.

दादाने तिचा रोल पहिला घेतला. दिवा मालवून चक्रीवर चढवला, डबीत बंद केला, दिवा लावला. दोन-तीन पोरं आत सिंकला चिकटून, बाकीची उघड्या दारातून माना आत घालून उभी होती. घाईकडे घड्याळ. मी दाराशी. दादाने फळीवरून बाटली काढली आणि डबीत ओतली. दरवर्षीसारखीच ओतली. मग डबी हलवत बसला, पोरांशी गप्पा मारत. ते ओतून टाकलं, दुसऱ्या बाटलीतलं घातलं, नळाखाली धुतलं, आणि झाकण उघडून फिल्म बाहेर ओढली.

काचेसारखी स्वच्छ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. फिल्म कोरी आहे एवढं दादालाही दिसलं असावं, कारण फिल्ममधून सरळ दिवाच दिसत होता. त्याने ती खाली ठेवली, फळीवर हात नेला, एका बाटलीची मान चाचपली, मग दुसरीची. नंतर फिल्म उचलून शटरपुढे धरली.

"कडेला आकडे आहेत का बघ गं."

तिने फिल्म दिव्यापुढे धरली. नीट बघितली, सगळी. मग तिने दादाच्या तोंडाकडे बघितलं. तो तिच्याकडे न बघता तिच्या कानाजवळ कुठेतरी बघत होता, समोरचं दिसावं म्हणून हल्ली तो असंच करायचा. पोरीला काय समजायचं ते तिथे समजलं.

"आहेत," ती म्हणाली.

"आहेत?"

"हो. माझाच रोल कॅमेऱ्यात नीट अडकला नसेल."

घाई बघायला पुढे झाला, तर तिने फिल्मची गुंडाळी करून मुठीत धरली. दादा म्हणाला, "होतं असं. नव्या हाताचं होतं." ती गुंडाळी माझ्या काउंटरवर ठेवून ती निघून गेली. दादाने डोकं दुखतंय म्हणून बाकीच्या पोरांना त्यांचे रोल न धुताच घरी पाठवलं.

मी चष्मा लावून फिल्म उलगडली. कडेला एक आकडा नव्हता. माझं डोकं फिरलं. बाप जाऊन चार दिवस झाले नाहीत त्या पोरीचे, आणि हा घोडा आपली चूक सुखाने तिच्या माथी मारून बसला होता.

"दादा, आकडे नाहीत."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"बाटलीला रबर नव्हतं, मी न चाचपता जागेवरून उचलली. उकाड्याने कुजून पडलं असेल." तो सिंकच्या कडेवर टेकला. "विचारलं तेव्हाच माहीत होतं."

"मग विचारलंस कशाला?"

मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो म्हातारा झाला आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं आणि तरी मी बोलायची थांबले नाही. शेवटी तो म्हणाला, "सकाळी मला त्यांच्याकडे घेऊन चल. मला नंबर दिसत नाही घराचा."

त्यांचं घर म्हणजे एका जिन्याखालची दीड खोली. एका भिंतीवर रंगाचे नमुने ओढलेले, पिवळ्याच्याच पाच-सहा छटा. आई कामावर निघण्याच्या तयारीत होती, तिने आम्हाला पलंगावर बसवलं. तोच पलंग असणार. शटर दाराला टेकून उभी राहिली.

दादाने आडवळण घेतलं नाही. "ताई, रोल तुमच्या मुलीकडून बिघडला नाही. माझ्याकडून बिघडला. मला नीट दिसत नाही. मी ते लपवलं, आणि काल ती माझ्यासाठी खोटं बोलली, तेही मी चालवून घेतलं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दादा मुलीकडे वळला. "का बोललीस गं तसं?"

"फोटो तर गेलेच होते," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही परत शिकवलं नसतं."

"नाहीच शिकवणार," दादा म्हणाला, आणि पुढे त्याने खरंच कधी शिकवलं नाही. ओव्हर आणि घाई पुढच्या सुट्टीत दोनदा येऊन गेली. त्यांना मीच परत पाठवलं.

आई अजून त्याच्याकडेच बघत होती. तिने विचारलं, "तुम्ही बघितलेत का हो फोटो? पुसले जायच्या आधी?"

"नाही, ताई. धुतल्याशिवाय कुणालाच दिसत नाहीत."

"म्हणजे कुणीच बघितले नाहीत."

"कुणीच नाही."

मग तिने मुलीला जवळ बोलावलं. फोटो काढले त्या दिवशी आई दवाखान्यात कामावर होती, नवरा सदरा घालून खिडकीशी बसला तेव्हा ती घरात नव्हती, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

"कसे बसले होते गं?"

"सरळ. भिंतीला न टेकता."

"हसले होते?"

"एकदाच. मी म्हटलं, बाबा, संपला रोल, तेव्हा."

"तो काढलास?"

"रोल संपला होता, आई."

आईने मान हलवली. मग पुन्हा विचारलं, "दात दिसले का? हसताना?"

"हो. दिसले."

दादा माझ्या शेजारी बसून रडायला लागला. आमचे आईवडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. त्या बाईने उठून त्याला पाणी दिलं, आणि पेला त्याच्या हाताला लागेपर्यंत धरून ठेवला.