गोठ्यातला पहारा

चर्चमधली रविवारची उपासना सुटली की शांतवन समुद्रेंचे पाय एस.टी. स्टँडकडं वळायचे. पायांचं मत कुणी विचारलं असतं तर ते सरळ शिवाजी पेठेतल्या खोलीकडं गेले असते. संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे सुजून बटाट्यासारखे व्हायचे. पण हवालदार समुद्रे फौजेत नर्सिंग असिस्टंट होते, आणि सुजलेल्या पायांची तक्रार ऐकायची सवय त्यांना फक्त दुसऱ्यांच्या पायांबाबत होती.

रिटायर झाल्यापासून त्यांनी हा एक उद्योग लावून घेतला होता. ज्या माजी सैनिकाचं काही बिनसलंय असं कानावर येईल, त्याच्या दारात जायचं, चहा प्यायचा, जमलं तर प्रार्थना करायची. चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ प्रत्येक रविवारी खोचकपणे विचारायचे, "समुद्रे, किती जणांना प्रभूकडं आणलंसा?" समुद्रे म्हणायचे, "आणायला कशाला पायजे? त्यो आधीच तिथं बसलेला असतोय. मी आपला उशिरा पोचतो."

यंदा त्यांचा सगळा जीव अडकला होता कागलच्या पलीकडं उसात बुडालेल्या एका गावात. तिथला हंबीरराव मार्चमध्ये फौजेतून सुटून आला. आपल्याकडं फौजी रिटायर होऊन आला की त्याचं लग्न पुन्हा लागतंय असं वाटावं इतका थाट असतो. उघडी जीप, भगवा फेटा, हार, हलगी-कैताळ, डॉल्बी. वेशीपाशी फटाक्यांची माळ लागली, आणि हंबीररावनं जीपमधून थेट गटारात उडी घेतली. एकटाच गेला असता तर निभावलं असतं, पण "खाली झोपा रे, झोपा खाली!" असं ओरडत त्यानं सरपंचालाही फेट्याला धरून आत ओढलं. गाव पोट धरून हसलं. कुणीतरी मोबाइलवर काढलेली ती फिल्म पार गगनबावड्यापर्यंत फिरली. त्या दिवसापासून हंबीरराव म्हशीच्या गोठ्यात राहायला गेला, तो बाहेर आलाच नाही. रात्रीची झोप नाही, कुणाशी धड बोलणं नाही. त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, तणनाशकाचे डबे गुपचूप शेजाऱ्याकडं नेऊन ठेवले होते.

समुद्रे पहिल्यांदा गेले तेव्हा हंबीररावचा चुलतभाऊ विजयसिंह दारातच आडवा आला.

"पावणं, हितं येशू-बिशू चालायचा न्हाय."

"मग चहा चालतोय का?"

"...चहा चालतोय."

"मग बसूया की."

तेव्हापासून दर रविवारी समुद्रे गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचे. आत हंबीरराव, मध्ये म्हैस. निघताना एकच प्रश्न: "माजी सैनिकांच्या दवाखान्यात डॉक्टर हायत. जाऊया का एकदा?" आणि आतून एकच उत्तर: "मी काय येडा हाय?" समुद्रे मग मनातल्या मनात प्रार्थना करायचे आणि शेवटची गाडी पकडायचे.

डिसेंबरात त्यांनी घोळ घातला. नाताळाआधी चर्चमधली पोरं घरोघरी गाणी म्हणत फिरतात. ज्या घरात दुःख, तिथं चार कडवी जास्त आणि आवाज दुप्पट, असा अलिखित नियम. समुद्रेंनी विचार केला, माणूस आठ-नऊ महिने एकटा आहे, त्याला जरा चांगलं वाटेल. टेंपो काढला. पोरांना दहादा बजावलं, फटाका नाही, टिकली नाही, फुगा फुटला तरी कान उपटीन. हलगीचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कोल्हापूरच्या माणसाला हलगी हा आवाज वाटतच नाही. ती आपली हवेसारखी असते.

दुपारी चारच्या सुमारास अंगणात हलगी कडाडली.

गोठ्यात दावं तुटल्याचा आवाज आला. म्हैस बाहेर, आणि हंबीरराव गव्हाणीच्या मागं, डोक्यावर हात घेऊन, भिंतीत शिरायला बघत असलेला. झुंबरबाई किंचाळली, "आण्णा, तुमीबी? तुमीबी त्यातलंच व्हय?"

 समुद्रेंनी पोरांना टेंपोत बसवून परत पाठवलं आणि ते पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत गेले. शेणाच्या ओलीतच भिंतीला टेकून बसले. गव्हाणीच्या एका बाजूला हंबीररावचा श्वास, दुसऱ्या बाजूला यांचा. कोण जास्त दमलंय ते सांगणं अवघड होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

गव्हाणीतली वैरण खसखसली.

"आमच्या शास्त्रात एलीया म्हणून एक गडी हाय. लई लढला, आणि मग पळत सुटला. एका झुडपाखाली पडून देवाला म्हणाला, बास झालं, आता मला ने. तर देवानं त्याला काय उपदेश न्हाय केला. भाकरी दिली, पाणी दिलं, म्हणाला, झोप. उठला तर परत भाकरी. मग पुढं डोंगरावर वादळ झालं, भूकंप झाला, आग लागली..." समुद्रेंनी डोळे चोळले. "देव त्यातल्या कशातच न्हवता, हंबीरराव. एवढ्या आवाजात त्यो न्हवताच. त्यो नंतर आला. एकदम बारीक..."

इथं खरं तर गोष्टीचा गाभा होता. पण गाभ्यापर्यंत पोचता-पोचता हवालदार समुद्रेंची मान छातीवर पडली आणि ते घोरायला लागले. इतके महिने ज्या वाक्यासाठी हा माणूस एस.टी.चे धक्के खात होता, ते वाक्य गोठ्यात अर्धंच राहिलं.

जाग आली तेव्हा अंगावर कांबळं होतं. पायांखाली कुणीतरी पेंडीचं पोतं सारलं होतं, घोटे वर राहावेत असं. गोठ्याच्या दारात हंबीरराव ताठ बसला होता, तोंड बाहेर, पाठ आत. पहाऱ्यावर. अंगणाच्या कोपऱ्यावर विजयसिंह कुणाला तरी हळू आवाजात दटावत होता, "तिकडनं जा की लेका, मोटरसायकल ढकलत ने. पावणं झोपल्यात."

"किती वेळ झोपलो?"

"झोपलासा," हंबीरराव म्हणाला. आठवड्याला एका वाक्यापुरता वापरलेला आवाज गंजल्यासारखा आला. "कुणाला आत सोडलं न्हाय."

झुंबरबाईनं ताट आणलं. भाकरी, झुणका, कांदा. तिनं ते नवऱ्याच्या हातात दिलं आणि नवऱ्यानं समुद्रेंच्या पुढं ठेवलं.

"खावा. मग पुढचं सांगा. बारीक काय?"

"बारीक आवाज. कानात बोलल्यागत. एवढंच विचारलं देवानं, तू हितं काय करतोयस?"

हंबीररावची नजर म्हशीच्या रिकाम्या खुंट्यावरून समुद्रेंच्या पायांकडं गेली.

"पाय कधीपास्नं सुजत्यात तुमचं?"

"जुनं हाय."

"डॉक्टरला दावलं?"

"मला काय झालंय?" समुद्रे म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची जीभ अडखळली. असलंच उत्तर, याच गोठ्यातून, ते दर रविवारी ऐकत आले होते.

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही.

"उद्या जाऊया," हंबीरराव म्हणाला. "तुमास्नी दावायला. मोटरसायकल हाय माझी."

"आणि तुझं?"

"तिथं गेल्यावर बघू की."

"हायवेला ट्रकवालं हॉर्न मारत्यात लई."

हंबीररावनं दाराबाहेर बघितलं. अंगणाच्या पुढं बोळ होता, बोळाच्या पुढं ती वेस. 

"मारूंदेत. थांबू. बाजूला बसू जरा. मग परत निघू."

समुद्रेंनी भाकरीचा तुकडा मोडला, अर्धा त्याच्या हातात दिला, आणि दोघंही जेवायला लागले.