दुधरामचं निवेदन

दुधरामचा आवाज मोठा होता. मुर्रीजवळच्या राइसमिलमध्ये तो दिवसभर बॉयलरमध्ये भुसा टाकी आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रीच्या नाटकात राजा होई. पाठांतर नावालाही नव्हतं. पडद्याआडून प्रॉम्प्टर बोले, दुधराम तेच गरजून सांगे. वीस वर्षं निभावलं होतं.

२००४ साली मिलच्या राखेवर नियम येणार म्हणून गोंदियात सुनावणी लागली. चिमण्या उंच कराव्या लागणार होत्या. मालकांच्या संघटनेने ठरवलं, विरोध कामगाराच्या तोंडून यावा. तो बरा दिसतो. दुधरामच्या मिलचे मालक मुन्नालालशेठ म्हणाले, "दुधराम, तू बोल देना. अगले महीने से पक्का."

दुधराम पंधरा वर्षं रोजंदारीवर होता.

"पक्का होशीन तं बोल बापा," त्याची बायको पुष्पाबाई म्हणाली. "पन राखीचं का सांगशीन? माह्या वड्या काळ्या होऊन राहिल्या."

"थे शेठ पाहून घेईल."

सुनावणीत शेठ कागद घेऊन त्याच्या मागेच बसले. पहिलं पान झकास गेलं. "या नियमानं हजारो हात रिकामे होतील!" राखेची तक्रार घेऊन आलेल्या बायांनीही टाळ्या पिटल्या.

मग अधिकारी मॅडमनी विचारलं, "तुमचं घर कुठं?"

"मिलच्या मांगं."

"राख पडते?"

हे कागदावर नव्हतं. शेठ मागून कुजबुजले, "बोल, नहीं गिरती."

"बोल, नहीं गिरती!" दुधराम गरजला.

"अरे धीरे, गधे!"

"अरे धीरे, गधे!"

"चुप! दो साल नियम टालना है, बस!"

"चुप! दो साल नियम टालना है, बस!"

"वन्समोर!" बाया ओरडल्या. दुधरामने पुन्हा म्हटलं. या वेळी हात उंचावून.

लिपिकाने सगळं उतरवलं. मॅडमनी विचारलं, "हा मिलचा कायम कामगार आहे का? नसेल तर अख्खं निवेदन बाद. संघटनेचा विरोधही बाद."

सगळे मालक शेठकडे बघू लागले. शेठने घाम पुसला.

"पक्का है, मॅडम."

"कधीपासून?"

"पंधरा वर्षं झाले," दुधराम म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लिपिकाने लिहिलं. शेठने सही केली.

बाहेर येताच शेठ म्हणाले, "कल से गेट पे बैठ. किसी से बात मत करना."

"बसतो नं. पन पक्क्याचं कागदावर लिवून द्या, शेठ. तोंडी सांगसान तं मी चौकात बोलून टाकीन."

शेठने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथंच लिहून दिलं.