सात लाडू आणि एक मशीन

आमच्या घरी लाडवावर प्लास्टिक घट्ट आवळणारी एक मशीन आहे, आणि तिच्यातून आजवर एकही लाडू लाडू म्हणून बाहेर आलेला नाही. ती मी निवडली. असली कामं माझा मोठा भाऊ करायचा, पण तो मागच्या वर्षी वारला आणि घरात अक्कल म्हणून मीच उरलो.

त्याच्या मागे वहिनीने मोहफुलांचे लाडू करायला घेतले. चंद्रपूरच्या एका दुकानदाराने गणपतीसाठी लाडू घ्यायचं कबूल केलं, पण प्रत्येक लाडू वेगळा, प्लास्टिकमध्ये आवळलेला हवा होता. (मोह आणि गूळ एकत्र आले की लाडू एकमेकांना सोडत नाहीत.) वहिनीचा सगळा जीव त्या पहिल्या ऑर्डरमध्ये होता.

मशीन आणायला मी भामरागडहून चंद्रपूरला निघालो, तेव्हा तिने डब्यात सात लाडू दिले.

"भाऊजी, मशीनमंदून लाडू काढून पाह्यजा. मंगच घेजा."

"तेवढं मले समजत नाई का?" मी म्हणालो. (समजत नव्हतं.)

आता आमच्याकडे डबा उघडून एकट्याने खायची रीत नाही. बसमध्ये आलापल्लीच्या अलीकडे मला भूक लागली, तिथेच घात झाला. एक मी खाल्ला. एक शेजारच्या म्हातारबाईला, एक तिच्या नातीला. तेवढ्यात कंडक्टर आला.

"कायचा हाय भाऊ?"

"मोहाचा. घ्या."

"मस्त हाय. ड्रायव्हरले बी द्या एक. अन् माह्या बायकोसाठी एक."

सगळे वहिनीच्या हाताचं कौतुक करत होते. मला वाटलं, मी धंदाच वाढवतोय. सातवा लाडू मशीनच्या दुकानाबाहेरच्या चौकीदाराला दिला, कारण त्याने मला साहेब म्हटलं.

मशीनवाल्याने आधी हातात धरायचं, गरम हवा फेकणारं एक यंत्र दाखवलं. "लाडवाले हेच पुरते," तो म्हणाला. न्हावी ज्याने केस वाळवतो, तसलंच ते दिसत होतं. भावाच्या जागी मी आलोय, आणि न्हाव्याचं हत्यार घेऊन घरी जाऊ? मी कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनकडे बोट दाखवलं. तिला गरम पेटी होती, आत सरकता पट्टा होता.

"नमुना आणला का?"

"होता," मी म्हणालो.

मग त्याने टेबलावरची साबणाची वडी प्लास्टिकमध्ये घालून त्या पेटीतून काढली. वडी अशी झकास आवळून बाहेर आली की मी लगेच हो म्हणालो.

घरी वहिनीने मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला लाडू पट्ट्यावर ठेवला. आमच्याकडची वीज अशक्त, पट्टा रांगत निघाला आणि गरम पेटीत गूळ वितळला. लाडू आत गेला तो गोल, बाहेर आला तो भाकरी. दुसरा गेला. तिसरा गेला.

"भाऊजी, तिथी लाडू काढून पाह्यला होता ना?"

"साबण काढला होता."

"साबण काऊन?"

"लाडू वाटले. बसमंदी."

वहिनीने चपटे लाडू उचलून ताटात ठेवले. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते लहान यंत्र आणायला मी दुसऱ्याच दिवशी निघालो, तर पुलावर पाणी चढलेलं. ते उतरेपर्यंत लाडू मागवणाऱ्या दुकानदाराने दुसरीकडचे लाडू घेतले. भाऊ असता तर असं झालं नसतं, हे घरात कुणी म्हणालं नाही. मलाच ते दिवसभर ऐकू येत होतं, आणि फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी मी मशीनवर पोतं टाकू लागलो.

"झाकू नका," वहिनी म्हणाली. "कामाची हाय. पुढच्या खेपेले तुमालेच तिच्यातून काढून पाठवा लागते. हात आवळून राह्यले, म्हंजे डबा तरी उघडणार नाई."

मी मान खाली घालून एक चपटा लाडू उचलला, आणि सवयीने अर्धा तोडून तिच्यापुढे धरला.